भिशीचे पैसे आणि रानातला मान्ना

प्रिय ताई, सप्रेम सलाम.

आम्ही अहिल्यानगर जिल्ह्यातले. माझे मिस्टर चौदा वर्षं एका कारखान्यात लेथवर होते. मालकाने कारखाना बंद केला त्याला आता आठ महिने झाले. मी घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते, त्यावर कसंबसं भागतं. किराणा दुकानात उधारी साचली आहे. मुलगी बारावी झाली, तिला नर्सिंगला घालायचं आहे, फीची तारीख जवळ आली. मिस्टर म्हणतात, "परमेश्वर पुरवील." ओळखीतल्या एकांनी पेट्रोल पंपावर काम देऊ केलं, तर ते नाही म्हणाले. देव योग्य नोकरी आणून देईल तेव्हाच जाईन, असं म्हणतात. दिवसभर झोपून असतात. मी त्यांना न सांगता महिन्याला दोन हजारांची भिशी भरते. नणंदेला ते कळलं. ती म्हणाली, ही भिशी म्हणजे सकाळपर्यंत ठेवलेला मान्ना, देवाने रानात इस्राएल लोकांना रोज दिलेलं ते अन्न, यात किडेच पडणार. प्रार्थना सभेतल्या बायका म्हणतात, तुमचा विश्वास कमी पडतो, चर्चला द्यायचा दशांश थांबला म्हणून घरातली बरकत थांबली. चर्चमधून किराणा सामानाची पिशवी येते, ती घेताना मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. जुन्या करारात देवाने आपल्या लोकांना कधी उपाशी ठेवलं नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आले. मग माझंच काय चुकतं? भिशी बंद करू का?

— एक बहीण

प्रिय बहिणी,

तुम्हालाही सलाम. भिशी बंद करू नका. हे आधी सांगते, कारण बाकीचं बोलायला वेळ लागेल आणि तोवर तुम्ही पुढचा हप्ता चुकवायला नको.

नणंदबाईंनी सांगितलेलं वचन खरं आहे, पण त्यांनी ते मध्येच सोडलं. निर्गम या पुस्तकाचा सोळावा अध्याय आज सबंध वाचा. इस्राएल लोकांना मिसर, म्हणजे इजिप्त, सोडून महिना झाला आहे, सोबतचं संपलं आहे, एलीम आणि सीनाय यांच्या मधल्या रानात लोक मोशे आणि अहरोनावर कुरकुर करत आहेत, मिसरातली मांसाची भांडी आठवत आहेत. तेव्हा पहाटेच्या दवाबरोबर मान्ना पडतो. माणशी एक ओमर, म्हणजे ढोबळमानाने दोन लिटरचं माप, आणि तंबूत जितकी डोकी तितके ओमर. कुणी जास्त गोळा केला, कुणी कमी, पण मापून पाहिलं तेव्हा कुणाला उरला नाही आणि कुणाला पुरला नाही असंही झालं नाही. सकाळपर्यंत ठेवू नका, असं मोशेने बजावलं होतं. काहींनी ठेवला. त्यात किडे पडले, घाण सुटली. नणंदबाई इथे थांबल्या.

पुढे सहावा दिवस येतो. त्या दिवशी त्याच लोकांनी, त्याच मान्नाचे, माणशी दोन ओमर गोळा करायचे होते. भाजायचं ते भाजा, शिजवायचं ते शिजवा आणि उरेल ते उद्यासाठी ठेवा, अशी आज्ञाच होती. तो ठेवलेला मान्ना नासला नाही, त्यात एकही किडा पडला नाही. साठवणं हेच पाप असतं तर शब्बाथाच्या, म्हणजे सातव्या, विश्रांतीच्या दिवसाच्या सकाळी सगळ्या छावणीला घाण सुटली असती. आणि त्याच सातव्या दिवशी घरात दोन दिवसांचं असूनही काही जण पुन्हा गोळा करायला बाहेर पडले. त्यांना काही मिळालं नाही. माझ्या मते हे लोक आणि आदल्या दिवसांत चोरून ठेवणारे लोक एकाच जातीचे. ठेवू नका म्हटलं तरी ठेवतात, मिळणार नाही म्हटलं तरी बाहेर पडतात. देवाचा राग या न ऐकण्यावर आहे. उद्याचा विचार करण्यावर तो रागावल्याचं त्या अध्यायात कुठेही नाही. उलट, एक ओमर मान्ना भांड्यात भरून पुढच्या पिढ्यांसाठी जपून ठेवायला त्यानेच सांगितलं.

योसेफाची गोष्ट तर तुम्हाला पाठच असेल. सुकाळाची सात वर्षं, मग दुष्काळाची सात. सुकाळात देशाच्या पिकाचा पाचवा हिस्सा बाजूला काढून नगरानगरांतल्या कोठारांत भरायचा, असा सल्ला त्याने फारोला दिला. पुढे भाऊ समोर आले तेव्हा तो म्हणाला, जीव वाचावेत म्हणून देवाने मला तुमच्या आधी इथे पाठवलं. त्याचे वडील याकोब यांच्या घराण्याला देवाने अन्न पुरवलं ते त्या कोठारांतून. कुणीतरी सात वर्षं मापून धान्य भरलं होतं, म्हणून पुरवलं गेलं. नीतिसूत्रांत मुंगीकडे जाऊन शीक म्हटलं आहे, ते तिच्या उन्हाळ्यातल्या साठवणीबद्दलही. तुमची भिशी या रांगेत बसते. मुलीच्या शिक्षणासाठी शिलाईच्या पैशांतून बाजूला काढलेले दोन हजार म्हणजे हाव नव्हे.

एकच गोष्ट बदला. ती मिस्टरांपासून लपवू नका. नणंदेला कळलं आहे, म्हणजे त्यांना आज ना उद्या कळणारच, आणि तिच्या तोंडून कळलं तर त्यांना जास्त लागेल. तुम्ही स्वतः सांगा, हिशेबासकट.

मान्नाच्या गोष्टीचा शेवट सभांमधून फार कमी सांगितला जातो. तो निर्गमात नाही, यहोशवाच्या पाचव्या अध्यायात आहे. चाळीस वर्षांनी लोक यार्देन ओलांडून गिलगालात उतरले, यरीहोच्या मैदानात वल्हांडण सण पाळला, दुसऱ्या दिवशी त्या देशाच्या पिकाची बेखमीर भाकर आणि भाजलेलं धान्य खाल्लं, आणि मान्ना बंद झाला. पुन्हा कधी पडला नाही. देवाने हात आखडता घेतला असं तिथे कुणी म्हणत नाही. आता शेत होतं, नांगर होता, पाऊस होता, त्यातून तोच देत होता. मोशेने हे आधीच समजावून ठेवलं होतं. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात तो मान्नाची आठवण देतो, मनुष्य केवळ भाकरीने जगत नाही हे सांगतो, आणि त्याच अध्यायात पुढे म्हणतो की तुमची घरं उभी राहतील, गुरंढोरं वाढतील, तेव्हा हे माझ्या हातच्या बळाने मिळालं असं म्हणू नका, कारण संपत्ती मिळवायचं बळ देणारा तोच आहे. बळ देणारा तोच. म्हणजे हात चालवणं हा त्याच्या देण्याचा स्वीकार झाला. आपल्याकडे पुणे जिल्ह्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशन चालवलं ते देवावरच्या भरवशावर, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी तिथे विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना चालवला, हेही तितक्याच आदराने सांगायला हवं.

आता उधारी. ज्या वचनाने तुम्हाला सगळ्यात जास्त धीर मिळेल असं मला वाटतं ते राजांच्या दुसऱ्या पुस्तकात आहे, चौथ्या अध्यायाच्या सुरुवातीला. संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी एकाची विधवा अलीशा या संदेष्ट्याकडे येऊन आक्रोश करते. नवरा मेला, तो परमेश्वराचं भय धरणारा होता हे तुम्हाला माहीत आहे, आणि आता सावकार माझ्या दोन मुलांना गुलाम करून न्यायला येतोय. तिचं पहिलंच वाक्य नीट ऐका. देवभिरू माणूस, आणि कर्ज ठेवून मेला. अलीशा तिला विचारत नाही की त्याचा विश्वास कुठे कमी पडला. घरात कुणाचं पाप आहे का, हेही विचारत नाही. तो विचारतो, मी तुझ्यासाठी काय करू? आणि मग, तुझ्या घरात काय आहे ते सांग.

घरात तेलाची एक कुपी होती. शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आण, थोडीथोडकी आणू नकोस, असं तो सांगतो. त्या बाईची कल्पना करा. जिची मुलं उद्या सावकार नेणार, तिला गल्लीभर दारोदार जाऊन भांडी मागायची आहेत. प्रत्येक दारात, कशाला हवं, हा प्रश्न आलाच असेल. तिचं कर्ज त्या दिवशी सगळ्या गावाला कळलं असेल. मग ती मुलांना घेऊन दार लावते, मुलं भांडी पुढे करतात, ती ओतत जाते. भांडी संपली तेव्हा तेल थांबलं. आणि तेवढ्यावर गोष्ट संपत नाही. अलीशा सांगतो, जा, तेल वीक, कर्ज फेड, आणि उरेल त्यावर तू आणि तुझी मुलं जगा. चमत्कार दाराआड झाला, पण बाजारात तेल घेऊन तिलाच बसावं लागलं, सावकाराचा पैसा तिलाच मोजून द्यावा लागला. देवाने तिला पुरवलं त्यात शेजाऱ्यांची भांडी होती, मुलांचे हात होते आणि तिची पायपीट होती.

म्हणून तुम्हीही तेच करा. या आठवड्यात एक वही घ्या. किराणावाल्याचं किती, लाईट बिल किती, फी किती आणि कुठल्या तारखेला, शिलाईतून महिन्याला किती येतात, भिशी कितव्या महिन्यात लागणार. मग किराणा दुकानदाराकडे स्वतः जा. दर आठवड्याला ठरावीक रक्कम देईन असं सांगा, ती झेपेल एवढीच सांगा, आणि देत राहा. इतकी वर्षं ज्याचं गिऱ्हाईक आहात तो ऐकतो. लपत राहणाऱ्या माणसाला मात्र तो उधार द्यायचा थांबतो.

मिस्टरांबद्दल लिहिताना मी जरा थांबले. तुमच्या पत्रात राग आहे आणि तो रास्त आहे. पण "दिवसभर झोपून असतात" हे शब्द मला जास्त बोचले. एलीया हा केवढा मोठा संदेष्टा. कोकणातले आपले बेने इस्राएल बांधव आजही मलिदा करतात तेव्हा गोड पोह्यांचं, खोबऱ्याचं, फळांचं ताट मांडून त्याचंच नाव घेतात, इतका तो घराघरांतला. करीथ ओहोळापाशी कावळ्यांनी त्याला सकाळ-संध्याकाळ भाकर आणि मांस आणून दिलं. ओहोळ आटला, तेव्हा देवाने त्याला इस्राएलाबाहेर, सीदोनाकडच्या सारफथ गावात एका विधवेकडे पाठवलं, जिच्याकडे मूठभर पीठ आणि थोडं तेल एवढंच होतं, आणि दुष्काळ सरेपर्यंत ते पीठ आणि तेल संपलं नाही. पुरवठ्याचे इतके चमत्कार ज्याने पाहिले तोच एलीया दोन अध्यायांनंतर रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो आणि झोपी जातो. खचलेला माणूस झोपतो, ताई.

देवदूताने तिथे काय केलं? त्याला स्पर्श केला आणि म्हणाला, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं होतं. एलीयाने खाल्लं आणि पुन्हा झोपला. देवदूत चिडला नाही. दुसऱ्यांदा आला, पुन्हा म्हणाला, ऊठ, खा, तुला लांब जायचं आहे. वचनं ऐकवली नाहीत, कर्मेल डोंगरावरच्या विजयाची आठवण करून दिली नाही, रागे भरला नाही. देव त्याच्याशी बोलला तो त्यानंतर, होरेब डोंगरावर, आणि तिथे त्याला नवं काम दिलं, सोबतीला अलीशा दिला.

चौदा वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस पेट्रोल पंपावर गणवेश घालून उभा राहायला लाजत असेल. "परमेश्वर पुरवील" असं म्हटलं की ती लाज कुणाला दिसत नाही. तुमच्या मिस्टरांचं असंच आहे असं मी ठामपणे म्हणणार नाही, तुम्ही त्यांना ओळखता. पण त्यांचा विश्वास खोटा आहे असं धरून बोलू नका. एकदा पोटभर जेवण झाल्यावर, मुलगी घरात नसताना, वही पुढे ठेवून बसा. आज्ञा देऊ नका आणि वचनाला वचन लावून वाद घालू नका. अलीशाचा प्रश्न विचारा: आपल्या घरात काय आहे? तुमच्या हातात शिलाई आहे. त्यांच्या हातात चौदा वर्षांचं कसब आहे. ते पंपावर गेले नाहीत तरी छोट्या वर्कशॉपमध्ये रोजावर लेथचं काम मिळेल का, आयटीआयच्या जुन्या मास्तरांना विचारून पाहता येईल का, हे त्यांनीच सुचवू द्या. आणि चार-सहा आठवडे झोप, भूक, बोलणं काहीच सुधारलं नाही, तर त्यांना सरकारी रुग्णालयात डॉक्टरांकडे न्या. भाकर आणि पाणी पाठवणारा देव औषधालाही नाही म्हणत नाही. "जगून काय करू" असं ते कधी बोलले, तर मात्र एक दिवसही थांबू नका.

दशांशाबद्दल मी स्पष्टच लिहिते, कारण हे बोलणं मी अनेक घरांत ऐकते आणि मला त्याचं दुःख होतं. सभेतल्या बायका मलाखीचा तिसरा अध्याय सांगत असतील, सगळा दशांश भांडारात आणा म्हणणारा. तो देवाचा भाग दाबणाऱ्या सबंध राष्ट्राला उद्देशून आहे, आणि त्याच अध्यायात काही ओळी आधी मजुराची मजुरी बुडवणारे, विधवा आणि अनाथांना छळणारे यांच्याविरुद्ध देव साक्षीला उभा राहतो. दशांश पिकाचा आणि गुराढोरांचा होता. पीक नाही तिथे दशांश कशाचा? शिवाय अनुवादाच्या चौदाव्या अध्यायात लिहिलं आहे की दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच ठेवायचा, आणि उपासनेची सेवा करणारे लेवी, परका, अनाथ, विधवा यांनी येऊन तो पोटभर खायचा. आज तुमचं घर त्या ताटावर बसणाऱ्यांपैकी आहे. पुन्हा पगार सुरू होईल तेव्हा आनंदाने द्या. तोवर पाळक साहेबांशी एकदा समोरासमोर बोला. सभेतली कुजबुज त्यांच्यापर्यंत पोचलीही नसेल.

किराणाच्या पिशवीचंही तेच. बेथलेहेमात आलेल्या रूथने लोकांच्या शेतात सरवा वेचला. शेताच्या कडा कापू नका, पडलेली कणसं उचलू नका, ती गरिबासाठी आणि परक्यासाठी सोडा, हा लेवीय पुस्तकातला नियमच होता, म्हणजे तिच्या झोळीतलं धान्य तिच्या हक्काचं होतं. शेतमालक बवाजाने गड्यांना आणखी सांगितलं की पेंढ्यांतून मुद्दाम काही कणसं तिच्यासाठी टाकत जा आणि तिला धमकावू नका. तिची लाज राहावी म्हणून केवढी काळजी! तुमच्या चर्चमध्ये पिशव्या भर उपासनेनंतर सगळ्यांसमोर वाटत असतील तर तेही पाळकांना सांगा, घरी पाठवा म्हणा. मागण्यात कमीपणा नाही, आणि देणाऱ्यांनी बवाजासारखं द्यायला शिकायला हवं.

राहिलं तुमचं ते वाक्य, देवाने आपल्या लोकांना कधी उपाशी ठेवलं नाही. एका स्तोत्रकर्त्याने आपल्या म्हातारपणी तसं म्हटलं आहे, नीतिमानाची मुलं भीक मागताना मी पाहिली नाहीत, असं. ती त्याची मनापासूनची साक्ष आहे आणि मी ती हिरावून घेणार नाही. पण त्याच शास्त्रात रूथची सासू नामी आहे, भरलेली गेले आणि रिकामी परतले म्हणणारी, आणि तिला कुणीही गप्प करत नाही. संदेष्टा यिर्मया आहे, ज्याला वेढ्यात पहारेकऱ्यांच्या चौकात रोज एक भाकर मिळत होती, तीही नगरातली भाकर संपेपर्यंतच. संदेष्टा हबक्कूक आहे, जो म्हणतो की अंजिराला कळी आली नाही, द्राक्षीला फळ नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन. या माणसांचा विश्वास तुमच्या सभेतल्या कुणाहून कमी होता का? ज्याचं ताट रिकामं त्याचा विश्वास रिकामा, हे गणित त्या पुस्तकांत नाही. संकटात सापडलेल्या ईयोबाच्या मित्रांनी ते मांडलं होतं, आणि शेवटी देव त्यांच्यावरच रागावला.

तुमचं काय चुकलं, असं विचारलंत. भिशी लपवली, एवढंच मला दिसतं, आणि तीही मुलीसाठी.

प्रार्थनेसाठी काही हवं असेल तर नीतिसूत्रांच्या तिसाव्या अध्यायातली आगूराची विनवणी दोघांनी मिळून वाचा. दारिद्र्य नको, श्रीमंतीही नको, मला लागेल तेवढं अन्न खायला दे. पोट भरल्यावर तुला विसरण्याची भीती त्याला वाटते, तशी दारिद्र्यामुळे चोरी करून तुझं नाव बट्ट्यात घालण्याचीही वाटते. देवासमोर इतकं खरं बोललेलं चालतं.

आणि एक काम मिस्टरांवर सोपवा. कारखाना बंद झाला तेव्हा त्यांचे पीएफ, राहिलेला पगार आणि ग्रॅच्युइटी मिळाली का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. चौदा वर्षांच्या नोकरीवर ग्रॅच्युइटीचा हक्क असतो. मालक टाळत असेल तर नेमणुकीचं पत्र, पगाराच्या पावत्या, बँकेचं पासबुक घेऊन जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात लेखी अर्ज करायला सांगा, जमल्यास सोबतच्या कामगारांना घेऊन. यात अविश्वास नाही. मजुराचे पैसे त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्या, तो त्यावर जीव लावून असतो, त्याने परमेश्वराकडे तुमच्याविरुद्ध गाऱ्हाणं केलं तर तुम्हाला पाप लागेल, असं मोशेचं नियमशास्त्र मालकाला सांगतं. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. तिथे काय म्हणाले ते मला कळवा. आणि फीचं म्हणाल तर कॉलेजात आधीच जाऊन हप्ते पाडून मिळतात का, शिष्यवृत्तीचा अर्ज कधी भरायचा, हे मुलीलाच विचारून येऊ द्या. तारीख संपायची वाट पाहू नका.

तुमची,
ताई